दुर्घटनेनंतर मोठ्या लोकांच्या पोस्टी: गप्प बसायचं की उत्तर द्यायचं?

मधुरा_कळवा
९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर काय झालं ते इथे कुणाला नव्याने सांगायला नको. सोमवारची सकाळ, दोन लोकल शेजारून गेल्या, दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली आणि खाली पडली. त्या दिवशीच चार जण गेले, त्यात रेल्वे पोलिसांतला एक शिपाई होता.
त्याच दिवशी दुपारी ठाण्यातल्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या रीलवाल्याने, ज्याला कार्यक्रमांना पाहुणा म्हणून बोलावतात, त्याने टाकलं की अजून हवा खा दारात, आणि पुढे हसणारे चेहरे. हजारो लाईक. माझ्या मनातून ते अजून जात नाहीये. आणि तो एकटा नाही, मंत्री, खासदार, नट, गायक, सगळ्यांनी कधी ना कधी असं केलेलं आहे. जुलै २०१५ मध्ये दौसाजवळ हेमामालिनींच्या गाडीच्या अपघातात एक लहान मुलगी गेली आणि नंतर त्यांनी ट्विट काय केलं, तर मुलीच्या वडिलांनी वाहतुकीचे नियम पाळले असते तर हे टळलं असतं. स्वतः जखमी होत्या हे मान्य, पण ज्याचं लेकरू गेलं त्याला हे सांगायचं?
मला खरंच विचारायचंय, आपल्यासारख्यांनी अशा वेळी काय करावं? अनफॉलो करून गप्प बसावं की जाहीर सुनवावं?

सानपाडा_सुहास
लिंक दे ना त्या रीलवाल्याची. बघतोच त्याला.

मधुरा_कळवा
लिंक देणार नाही सुहासदादा. नावही नाही. तुम्ही सगळे तिथे जाऊन शिव्या घालाल आणि त्याला तेच हवं असतं.

दिवा_फास्ट
मी रोज दिव्याहून चढतो, म्हणजे चढायचा प्रयत्न करतो. ज्यांना वाटतं लोक हौसेने लटकतात त्यांनी एकदा सकाळी दिव्याला या. गाडी येते तीच कल्याण डोंबिवलीहून भरून, दारातले लोक हलत नाहीत कारण त्यांना हलायला जागाच नसते, तुमचा एक पाय आत आणि एक हात दांड्यावर एवढंच मिळतं, बॅग पोटाशी घ्यायची तर हात मोकळा राहत नाही म्हणून ती पाठीवरच राहते, आणि त्याच बॅगा मुंब्र्याला एकमेकींना लागल्या. दिव्याहून सीएसएमटीला गाडी सोडा ही मागणी किती वर्षं चाललीय ते इथले जुने लोक सांगतील. लेट मार्क तीन झाले की अर्धा दिवस कापतात आमच्याकडे. पुढची गाडी पण तशीच भरलेली. हौस कसली हो.
त्या दिवशी मी आधीच्या गाडीला होतो. घरून फोनवर फोन. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा फोन लागत नव्हता तर आम्ही सगळे ऑफिसात बसून फोटो झूम करून शर्टाचा रंग बघत होतो. आणि त्यातच ती पोस्ट फिरत फिरत आली.

नौपाडा_जोशीकाकू
दिवा_फास्ट, तुमचा तो मित्र नीट आहे ना?

दिवा_फास्ट
हो काकू, ठीक आहे. त्याचा फोन बंद पडला होता.

वागळे_इस्टेट
थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आपण फार लवकर दुखावतो. एकाने काहीतरी फालतू लिहिलं, बाकीचे हजार जण तेच बोलत बसतात आणि रेल्वेला जाब विचारायचा राहून जातो. वळणावर रुळांमधलं अंतर किती आहे, गाड्या वाढत का नाहीत, हे प्रश्न दोन दिवसांत गायब. त्या रीलवाल्याने रेल्वेचं कामच केलं म्हणायचं.

मधुरा_कळवा
राग नाही, मुद्दा पटला. पण मग त्याला तसंच सोडायचं का?

घणसोलीकर
सार्वजनिक माणसाने बोललेल्याची किंमत मोजायची पद्धत आपल्याकडे होती की! २६/११ नंतर आर. आर. पाटील पत्रकार परिषदेत हिंदीतून बोलायला गेले आणि मोठ्या शहरांत अशा छोट्या गोष्टी होत असतात अशा अर्थाचं बोलून बसले. १६६ माणसं गेलेली. १ डिसेंबर २००८ ला राजीनामा. पाठोपाठ विलासरावांनाही जावं लागलं, ते ताजमध्ये पाहणीला गेले तेव्हा बरोबर मुलगा रितेश आणि रामगोपाल वर्मा होते म्हणून लोक भडकले होते. आता कोण देतं राजीनामा? पोस्ट डिलीट केली की विषय संपला.

विटावा_नाका
आबांबद्दल एक सांगतो, मी तासगावकडचा आहे. आबा मनाने वाईट नव्हते, हिंदीत अडकले. गावात त्यांच्याबद्दल अजून लोक हळवे होतात. आणि २००९ च्या निवडणुकीनंतर तेच परत गृहमंत्री झाले हे पण लिहा की.

घणसोलीकर
झाले, बरोबर. मी त्यांना वाईट म्हणतच नाहीये, उलट त्यांनी खुर्ची सोडली हे मोठंच आहे म्हणतोय. अजित पवारांचं घ्या, एप्रिल २०१३, दुष्काळात इंदापूरकडच्या सभेत धरणाबद्दल जे बोलले ते महाराष्ट्र विसरलेला नाही, पण माफी मागितली आणि कऱ्हाडला यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर बसून आत्मक्लेश केला. कुणी म्हणेल नाटक. मला तरी तेव्हा वाटलं की निदान जनाची लाज आहे.

सानपाडा_सुहास
ही भाषणं झाली, धागा सोशल मीडियाचा आहे. लिंक.

पारसिकचा_वारा
सोशल मीडियाचं पाहिजे तर घ्या. मे २०१५, सलमान खानच्या वांद्र्याच्या गाडीखाली चिरडल्याच्या खटल्याचा सत्र न्यायालयाचा निकाल आला त्या दिवशी गायक अभिजीत भट्टाचार्य यांनी फुटपाथवर झोपणाऱ्यांना कुत्र्याची उपमा देऊन ट्विट केलं होतं. २००२ साली बेकरीबाहेर झोपलेला कामगार गेला होता त्यात. पुढे डिसेंबरमध्ये हायकोर्टाने सलमानला निर्दोष सोडलं, तो भाग वेगळा. पण जो माणूस दिवसभर राबून फुटपाथवर पाठ टेकतो त्याला कुत्रा म्हणायचं आणि ते सुद्धा ज्या शहराने तुम्हाला गाणी दिली, घर दिलं त्या शहरात बसून. मी त्या दिवसापासून त्यांचं गाणं लागलं की रेडिओ बंद करते. कुणाला बालिशपणा वाटेल, वाटू दे.

खारघर_निलेश
मधुराताई, तुमच्या रीलवाल्याचं वाक्य मला ओळखीचं वाटलं कारण ते मी आमच्याकडे ऐकलंय. १६ एप्रिल २०२३, आप्पासाहेब धर्माधिकारींना महाराष्ट्र भूषण द्यायचा सोहळा, खारघरच्या कॉर्पोरेट पार्कच्या मैदानात. आमच्या बिल्डिंगमधून मैदान दिसतं. रायगडातल्या गावागावांतून बायका आदल्या रात्रीपासून येऊन बसल्या होत्या, शिस्तीत, रांगेत, पदर डोक्यावर. मंडप स्टेजवर, जनता उन्हात. दुपारी रस्त्यावरून अॅम्ब्युलन्स सुरू झाल्या त्या थांबेचनात. आम्ही खाली पाण्याची पिंपं लावली, एक आजी माझ्या हातून ग्लास घेऊन आधी शेजारच्या बाईला पाजत होती, स्वतः नंतर. चौदा जण गेले उष्माघाताने.
आणि संध्याकाळपासून काय वाचायला मिळालं, तर कोणी सांगितलं होतं जायला, अंधश्रद्धेचे बळी, कमी झाले ते बरं झालं. हे गल्लीतली पोरं नव्हती लिहीत. लेखक म्हणवणारे, प्राध्यापक, निळी टिक असलेले. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी मेलेल्या गरीब बायकांवर हसावं? माझा आणि धर्माधिकारींच्या बैठकीचा काही संबंध नाही, मी नास्तिक आहे. पण मी त्यांना पाणी दिलं होतं.

कौसा_शमीम
निलेशभाऊ, तेच "कोणी सांगितलं होतं". ४ एप्रिल २०१३, शीळफाट्याजवळ लकी कंपाऊंडची इमारत पडली, ७४ जण गेले, त्यात मजूर आणि त्यांची लहान मुलं. इमारत बेकायदा होती, काही महिन्यांत उभी केली होती, हे सगळं खरं. पण ढिगारा उपसत होते तेव्हाच फेसबुकवर सुरू, स्वस्तात राहायला कोणी सांगितलं होतं, मुंब्र्यात अजून काय होणार. बिल्डरला कोणी नाही विचारलं, अधिकाऱ्याला नाही विचारलं, मेलेल्याला विचारलं. आणि मुंब्रा म्हटलं की आमच्या वाट्याला जरा जास्तच येतं, ते तुम्हाला सांगायला नको.

नौपाडा_जोशीकाकू
शमीम, खरं आहे तुमचं. वाईट वाटलं वाचून.

वागळे_इस्टेट
मंडळी, पण मग यातून निघणार काय? अटक करायची का अशा लोकांना? कारण मागणी नेहमी तिथेच जाते.

वकील_ठाणे
नको, आणि हे मी पूर्ण गांभीर्याने सांगते. नोव्हेंबर २०१२ आठवा. बाळासाहेबांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्यावर पालघरच्या एका तरुण मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने फक्त लाईक केलं, दोघींना अटक. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. लोकांच्या दुःखाचा अपमान केला हेच कारण तेव्हाही दिलं गेलं होतं! त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान दिलं गेलं आणि २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. २०२२ ला शरद पवारांवरच्या पोस्टीबद्दल अभिनेत्री केतकी चितळेचं घ्या. तिची पोस्ट मला अजिबात आवडली नव्हती, आजारपणावर बोलणं हीन आहे, आणि कविताही दुसऱ्याची. पण कळंबोलीतून ठाणे पोलिसांनी उचललं आणि महिनाभराहून जास्त आत ठेवलं. हे मला त्या पोस्टीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.
पोलिसांच्या हातात "असंवेदनशील" नावाचं हत्यार दिलं की ते मंत्र्यावर कधीच चालत नाही, पालघरच्या मुलीवर चालतं.

घणसोलीकर
पण मॅडम, कमाल आर. खानला अटक झालीच की. इरफान आणि ऋषी कपूर यांच्याबद्दल २०२० ला बरळला होता, ऋषी कपूर हॉस्पिटलात असताना दारूची दुकानं उघडणार आहेत म्हणून विनोद केला. ऑगस्ट २०२२ ला उचलला.

वकील_ठाणे
झाली, आणि दोन वर्षांनी. त्याने कपूर कुटुंबाला काय मिळालं? त्यांना ज्या दिवशी ते वाचावं लागलं तो दिवस तर परत येत नाही.
सरकारी नोकरांची गोष्ट वेगळी, त्यांना सेवा नियम असतात. अहमदाबादच्या विमान अपघातानंतर केरळातल्या एका उपतहसीलदाराने अपघातात गेलेल्या नर्सबद्दल घाण लिहिलं, लगेच निलंबित. ते मला योग्य वाटतं, तो जनतेच्या पगारावर आहे.

ऐरोली_अक्षय
बरेच दिवस नुसता वाचतो इथे, आज लिहितो कारण हे माझं काम आहे. मी नेत्यांची आणि एकदोन कलाकारांची अकाउंट सांभाळणाऱ्या ठिकाणी आहे, कुणाची ते विचारू नका.
पहिली गोष्ट, बहुतेक वेळा साहेब स्वतः टाइप करत नाहीत. श्रद्धांजलीचं डिझाईन तयार पडलेलं असतं. डावीकडे ज्योत, खाली साहेबांचा हात जोडलेला फोटो, मधे एक रिकामी ओळ. घटना झाली की ओळीत गावाचं नाव भरायचं. ज्योतीपेक्षा साहेबांचा फोटो लहान झाला तर परत येतं, "फोटो मोठा करा". एका टीमकडून गावाचं नाव बदललं आणि मृतांचा आकडा मागच्या अपघाताचा तसाच गेला, दीड तास तसाच होता, कुणाच्या लक्षात आलं नाही कारण कुणी वाचतच नव्हतं.
दुसरं, पोस्टी आधी वेळ लावून ठेवलेल्या असतात. सकाळी अपघात झाला आणि दुपारी वाढदिवसाच्या ढोलताशाची रील लावलेली आहे, ती थांबवायला कुणाला तरी सांगावं लागतं. साहेब गाडीत, पीए फोन उचलत नाही, ज्या पोराच्या हातात पासवर्ड आहे त्याला स्वतःच्या जबाबदारीवर थांबवायची हिंमत नाही. ती रील जाते. लोक म्हणतात काय निर्लज्ज माणूस आहे. माणूस निर्लज्ज असेलही, पण त्या क्षणी तिथे माणूसच नसतो.
तिसरं, आणि हे मधुराताईंसाठी. तुम्ही लिंक दिली नाहीत ते फार बरं केलं. आम्हाला संध्याकाळी जो रिपोर्ट मिळतो त्यात रागाने शेअर केलेलं आणि आवडून शेअर केलेलं वेगळं दिसत नाही. रीच वाढली एवढंच दिसतं. शिव्या घालणाऱ्या कमेंटसुद्धा कमेंटच असतात. काहींना तर हे पक्कं माहीत असतं आणि ते मुद्दाम दुर्घटनेच्या दिवशीच लिहितात, कारण त्या दिवशी सगळे फोनला चिकटलेले असतात.

सानपाडा_सुहास
म्हणजे आपण जे स्क्रीनशॉट टाकतो "बघा हा नालायक" म्हणून, त्याने त्यालाच फायदा?

ऐरोली_अक्षय
स्क्रीनशॉटने थेट नाही, पण नाव दिसलं की लोक शोधून जातातच.

पारसिकचा_वारा
मग पंकजा मुंडेंचं काय म्हणाल? एप्रिल २०१६, लातूरला रेल्वेने पाणी न्यायची वेळ, आणि यांनी मांजरा नदीच्या खोलीकरणाच्या कामावर सेल्फी टाकले. ते तर स्वतःच काढलेले.

विटावा_नाका
ते मला अन्यायाचं वाटतं. पाण्याच्या कामाचा फोटो होता, काम झालं म्हणून आनंद होता, त्यात कुणाची थट्टा नव्हती. दुष्काळी भागातला माणूस चर खोदलेला बघून हसतोच. गिरीश महाजनांचं मात्र नाही पटलं, ऑगस्ट २०१९ ला आमच्याकडे सांगली कोल्हापूर पाण्याखाली, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, आणि हे होडीतून हसत हात हलवताहेत असा व्हिडिओ. माझी बहीण तेव्हा गच्चीवर दोन दिवस अडकली होती. तिने तो व्हिडिओ बघितला, चार्जिंग संपता संपता.

पारसिकचा_वारा
महाजन नंतर पाण्यात उतरून काम करत होते असं त्यांचे लोक म्हणतात.

विटावा_नाका
केलं असेल काम. बहिणीने हसणंच बघितलं.

कोपरखैरणे_तेजस
कॉमेडीवाल्यांचं पण बोला की. सगळं सेन्सॉर करायचं तर विनोद करायचाच नाही का. अमेरिकेत २०११ ला जपानच्या त्सुनामीवर गिल्बर्ट गॉटफ्रीड नावाच्या कॉमेडियनने ट्विटरवर विनोदांची माळ लावली, त्याचं कामच तसं होतं, कडवट विनोद. तरी एका विमा कंपनीने त्याला काढून टाकलं, त्यांच्या जाहिरातीतल्या बदकाचा आवाज तो द्यायचा. हे योग्य का?

वकील_ठाणे
अगदी योग्य. त्या कंपनीचा सगळ्यात मोठा धंदा जपानमध्येच होता, म्हणजे ज्यांची घरं वाहून गेली तेच तिचे ग्राहक. त्याला बोलायचा हक्क होता आणि कंपनीला त्याला पैसे न द्यायचा हक्क होता. पोलीस कुठेच नाहीत मधे. मला हाच रस्ता आवडतो.

कोपरखैरणे_तेजस
हं. ठीक आहे, हे पटण्यासारखं आहे. पण थिएटरात विनोद आणि त्याच दुपारी फोनवर विनोद यात फरक आहे हे मी पण मानतो. तिकीट काढून आलेला माणूस तयारीने आलेला असतो.

दिवा_फास्ट
अवांतर आहे पण विचारतो, त्या अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे लावायचं जाहीर केलं, दरवाज्यांना झडपा, छतावर हवा खेळवायची यंत्रणा, डब्यातून डब्यात जायची सोय. तुम्हाला काय वाटतं, मे महिन्यात त्या गर्दीत दार बंद झालं तर?

वागळे_इस्टेट
गुदमरून मरू. त्यापेक्षा फेऱ्या वाढवा.

घणसोलीकर
दार बंद झालं तर दिव्याला चढायचं कसं, गाडी दार लागल्याशिवाय हलणार नाही आणि दार लागणार नाही. ट्रान्स हार्बरला पण ठाण्याहून संध्याकाळी तेच होणार.

नौपाडा_जोशीकाकू
कळव्याचे लोक कारशेडमधून बसून येतात त्यांचं काय करणार मग? माझ्या वेळेपासून चालू आहे ते, रुळातून चालत जायचं आणि रिकाम्या गाडीत जागा धरायची.

मधुरा_कळवा
काकू, मी पण त्यातलीच. पण धाग्यावर येऊया का प्लीज. दरवाज्यांचा वेगळा धागा काढा कुणीतरी, मी येते तिथे.

सिस्टर_वर्तकनगर
मी वीसेक वर्षं नर्सिंगमध्ये आहे, ठाण्यातच. मोठा अपघात झाला की आमच्याकडे काय होतं ते सांगते, मग तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर.
पेशंट आत गेले की बाहेर नातेवाईक. त्यांना आम्ही लगेच काही सांगू शकत नाही, नाव पटवायचं असतं, कागद असतात, पोलीस असतात. तोपर्यंत ते काय करतात, फोन बघतात. आमच्या काउंटरवर एकच चार्जर असतो त्याला तीन तीन फोन रांगेत. एक बाई मला आठवते, नवऱ्याचं नाव कुठल्या यादीत आहे का ते शोधत होती, अपघाताच्या गावाचं नाव टाकून खाली खाली जात होती. आणि त्यात कुठल्याशा मोठ्या माणसाची पोस्ट आली, असल्या लोकांमुळेच असं होतं वगैरे. तिने ती पूर्ण वाचली. मग मला दाखवली आणि विचारलं, सिस्टर हे माझ्या ह्यांच्याबद्दल आहे का?
तिला ती पोस्ट त्या माणसाने पाठवली नव्हती. तिच्याच नणंदेच्या कुणीतरी संतापून शेअर केली होती, बघा काय लिहितायत म्हणून.
म्हणून माझं म्हणणं, पहिला दिवस दोन दिवस काहीच पसरवू नका, चांगल्या मनाने पण नाही. त्या जागी हेल्पलाइनचा नंबर टाका, कुठल्या हॉस्पिटलला किती जण नेले ते टाका, रक्त कुठलं लागतंय ते टाका, आणि तेही आधी फोन करून खात्री करून. मोठ्या अकाउंटवाल्यांनी एवढं केलं ना तरी आमचं निम्मं काम हलकं होतं, कारण लोक चुकीच्या हॉस्पिटलला धावत सुटतात, कळव्याला असतो आणि ते सिव्हिलला शोधत असतात.

कौसा_शमीम
सिस्टर, हे वाचून अंगावर काटा आला.

खारघर_निलेश
सिस्टर +१. पण मला एक सांगा, कुणीच काही बोललं नाही तर तो प्रोफेसर परत पुढच्या वेळी लिहिणारच ना. हेमामालिनींचंच बघा. २०१५ ला दौसा, जून २०१६ ला मथुरेत जवाहरबागेत पोलीस अधिकारी मारले गेले आणि मथुरेच्या खासदार असून यांनी मढच्या शूटिंगचे फोटो टाकले, मग ओरड झाल्यावर काढले, आणि २०२५ च्या कुंभातल्या चेंगराचेंगरीनंतर, जिथे सरकारी आकड्यानेच तीस गेले, तिथे म्हणाल्या एवढं काही मोठं नव्हतं. दहा वर्षांत फरक पडला का? मतं मिळतातच.

सिस्टर_वर्तकनगर
बोला ना. कोण नको म्हणतंय. पण तिसऱ्या दिवशी बोला, आणि थेट त्यालाच किंवा त्याच्या पक्षाला, कंपनीला बोला. सगळ्या जगाला दाखवून नाही.

वागळे_इस्टेट
तिसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, हीच अडचण आहे.

मधुरा_कळवा
मला आठवतंय की. म्हणून तर धागा काढला.

नौपाडा_जोशीकाकू
चांगलं उत्तर कसं द्यायचं याचं एक उदाहरण माझ्याकडे आहे. फेब्रुवारी २०१७, महापालिका मतदानाच्या दिवशी शोभा डे यांनी एका जाड्या पोलिसाचा फोटो टाकून बंदोबस्तावर कोटी केली. मुंबई पोलिसांनी अगदी सभ्य शब्दांत सांगितलं की कोट्या आम्हालाही आवडतात पण ही अस्थानी आहे, हा गणवेश आमचा नाही. तो माणूस मध्य प्रदेशचा निघाला, आजारामुळे वजन वाढलेलं. पुढे त्याच्यावर मुंबईत उपचार झाले. बघा, शिवी नाही, धमकी नाही, आणि सगळ्या देशाला कळलं चूक कुणाची ते.

सानपाडा_सुहास
बरं मग मला लिंक नको. मधुरा, तुझा तो रीलवाला कुणाची जाहिरात करतो ते सांग. दुकान, क्लास, बिल्डर, काय असेल ते.

मधुरा_कळवा
एका घरबांधणी कंपनीची करतो. दिव्याजवळचे फ्लॅट विकतायत, "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणून.

दिवा_फास्ट
म्हणजे दिव्याहून लोकलने जाणाऱ्यांनाच विकतायत ना?

वकील_ठाणे
मग त्यांनाच लिहा. साधं, सरळ. तुमच्या जाहिरातीतल्या माणसाने अमुक तारखेला अमुक लिहिलं, मी याच मार्गावर प्रवास करते, तुमचं घर घेणारे लोकही याच गाडीने जाणार आहेत, तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा. शिवी नको, धमकी नको, कायद्याची कलमं तर मुळीच नकोत. स्क्रीनशॉट फक्त त्यांना जोडा.

विटावा_नाका
माझा भाचा त्यांच्याकडे बुकिंग करायच्या विचारात आहे, त्याला पण लिहायला लावतो. गिऱ्हाइकाचं ऐकतील.

मधुरा_कळवा
ज्यांना पाठवायचंय त्यांनी मला खाजगी निरोप करा, कंपनीचा पत्ता देते. नाव इथे लिहू नका कुणी.

ऐरोली_अक्षय
आणि एकच मजकूर सगळ्यांनी कॉपी करू नका. सारखे मेल आले की ते एका फोल्डरमध्ये टाकून देतात, कुणी उघडत नाही. दोन ओळी लिहा पण स्वतःच्या लिहा, कुठून चढता, कुठे उतरता ते घाला. सोमवारी सकाळी पाठवा, त्यांची मार्केटिंगची मीटिंग बहुतेक तेव्हाच असते.

दिवा_फास्ट
सोमवारी गाडीत हात मोकळा नसेल. रविवारी रात्री लिहून ठेवतो, सकाळी ऑफिसला पोचलो की पाठवतो.